सहावं मॉड्यूल येईपर्यंत

६ एप्रिल

बोर्ड लागला. ‘सहजीवन कुटुंब समुपदेशन केंद्र, बाभुळगाव. सर्व जाती, धर्म व श्रद्धांचा आदर.’ आमच्या समोरच्या खोलीतच. इंदूनं विचारलं, पाहुणे आले तर कुठं बसवायचे. म्हटलं, आता जे येतील तेच पाहुणे. ती काही बोलली नाही. म्हणजे पटलं.

ज्युनियर कॉलेजात समाजशास्त्र शिकवून गळा गेला. उरलेला गळा आता कॉलेज सुटल्यावर समाजासाठी. ऑनलाइन कोर्स चालू आहे: कपल अँड फॅमिली थेरपीमध्ये संस्कृती, विविधता आणि अध्यात्म. निम्मी मॉड्यूल झाली. निम्मं झालं म्हणजे पाया पक्का.

संकल्प: कमी बोलायचं, जास्त ऐकायचं. उद्यापासून. आजची दुपार शेजारच्या बाबुलालला बोर्डाचा अर्थ समजावण्यात गेली. त्याला वाटलं, जमिनीची मोजणी इथं होते. समजावून झाल्यावर म्हणाला, "मंग मोजणीचं कुठं जावं?"

थकलो.

११ एप्रिल

पहिली केस! दोघंही माझेच जुने विद्यार्थी. भारत राठोड, तांड्यावरचा, बंजारा. समीक्षा, गावातल्या मारोतरावांची मुलगी, कुणबी. लव्ह मॅरेज. दिवाळीपासून ती माहेरी येऊन बसली आहे. भारतच्या आईचं, धनीबाईंचं म्हणणं, तांड्यावर देवीला भोग द्यायचा, बोकड कापायचा, सुनेनं समोर बसायचं. मारोतराव रोज सायंकाळी सामुदायिक प्रार्थनेला जाणारे, घरात अंडंसुद्धा चालत नाही. समीक्षा म्हणते, मी जाणार नाही.

अख्खी केस तिसऱ्या मॉड्यूलमधली! फळ्यावर दोन वर्तुळं काढली. एक लाल, एक निळं. मधला भाग दोघांचा. समीक्षा म्हणाली, "सर, बोकडाचं नाही जी खरं तं..." मी हातानंच थांबवलं. आकृती अर्धवट सोडली की क्लायंट गोंधळतो.

भारत पूर्ण वेळ मोबाइलकडे बघत होता. पुरुषांची सांस्कृतिक जडणघडण. नोंद केली.

१२ एप्रिल

जानेवारीत इंदूची आई गेली. तेव्हापासून इंदू सायंकाळी देवाजवळ दिवा लावत नाही. इतके दिवस लक्षात आलं नव्हतं, काल पाचव्या मॉड्यूलमुळे आलं. याला आध्यात्मिक संघर्ष म्हणतात. तिला कोर्समधली प्रश्नावली दिली. ‘देव माझ्या पाठीशी आहे असं मला वाटतं: नेहमी, कधीकधी, क्वचित, कधीच नाही.’ म्हटलं, सावकाश भर, घाई नाही.

१४ एप्रिल

इंदूनं प्रश्नावलीची घडी करून कूलरच्या पायाखाली ठेवली. कूलर आता हलत नाही.

तिची पद्धत वेगळी आहे, तिचा आदर करायला हवा.

१९ एप्रिल

दुसरं सेशन. आज समीक्षानं मध्येच सांगून टाकलं. दिवाळीच्या आधी सातव्या महिन्यात तिचं बाळ गेलं. मुलगी होती. दवाखान्यातून आल्यावर भारतनं त्यावर एक शब्द काढला नाही. म्हणाली, "मले एकडाव बी इचारलं नाही यानं, तू कशी हायस म्हून." भारत उठून बाहेर गेला आणि गाडीजवळ उभा राहिला.

वाईट वाटलं. फार. पण शोक हा विषय सहाव्या मॉड्यूलमध्ये येतो आणि त्याची लिंक अजून उघडत नाही. अर्धवट ज्ञानावर हात घालणं बरोबर नाही. समीक्षाला म्हटलं, यावर आपण नंतर येऊ, आधी बोकडाचं बघू.

ती माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली. विश्वास बसतो आहे.

इंदू आत भाकरी करत होती. तिनं ऐकलं असावं. जेवताना विचारलं, "तुमी त्या पोरीले पाणी तरी इचारलं काय?" म्हटलं, सेशनमध्ये खाणंपिणं नको असतं. तिनं ताट उचललं.

२७ एप्रिल

तांड्यावर होम व्हिजिट. ऊन असं की रस्त्यावर कुत्रं नाही. क्लायंटच्या भाषेत बोललं की अंतर मिटतं, म्हणून मोबाइलवरून बंजारांच्या गोरबोलीची तीन वाक्यं पाठ करून गेलो. धनीबाई खाटेवर बसल्या होत्या. हात जोडून पहिलं वाक्य म्हटलं. पोरं हसत पळाली. धनीबाई म्हणाल्या, "मास्तर, मराठीत बोला, आमाले समजते."

भारतनं नंतर सांगितलं. मी त्यांच्या तब्येतीची चौकशी करायला गेलो आणि विचारलं ते असं, की तुम्ही जाणार कधी.

तोडगा मांडला. बोकडाऐवजी कोहळं. दोन्ही संस्कृतींचा मान. धनीबाई म्हणाल्या, "बोकड राहू द्या मास्तर. नारळावर बी भागते देवीचं. मले सून पायजे घरी. नात गेली, तिच्या नावानं दोघं एका जागी बसून रडले नाही अजून. भोग म्हणजे तरी काय, बसतीन तं खरं एका जागी." आणि डोळे पुसले.

नोंद केली: आजी विषयांतर करतात. वयोमान.

ताक दिलं त्यांनी. छान होतं.

३० एप्रिल

कोहळ्याची बातमी माझ्याआधी मारोतरावांकडे पोहोचली. स्वतः आले. चप्पल बाहेर काढली, बसले नाहीत. म्हणाले, "घनश्यामराव, माह्या पोरीच्या संसाराचं तुमी कोहळं काहून करून राह्यले?" मी त्यांना विविधतेबद्दल सांगू लागलो. ते म्हणाले, विविधता त्यांना ठाऊक आहे, रोज सायंकाळी ते सर्व धर्मांची प्रार्थना म्हणतात, प्रश्न विविधतेचा नाही, पोर जेवत नाही हा आहे.

समाजात थेरपीला विरोध होणारच.

इंदूनं त्यांना चहा दिला. तिच्याशी मात्र ते बराच वेळ बोलत उभे होते.

८ मे

तिसरं सेशन. महत्त्वाचा दिवस. जसं घडलं तसं लिहितो.

सकाळपासून डोकं जड. पेपर तपासायचे होते, त्यात लग्नसराई, समोरच्या मांडवात डीजे. दुपारी दोघं आले. कूलर लावला. सुरुवात उत्तम झाली. मी म्हटलं, आज तुम्ही दोघांनी एकमेकांच्या श्रद्धेबद्दल मनात येईल ते बोला, मी फक्त ऐकतो. मग कूलरचा वारा थेट अंगावर. खसचा वास.

जाग आली तेव्हा खोलीत कोणी नव्हतं. मांडीवरची फाइल टेबलावर नीट ठेवलेली. खिडकीचा पडदा ओढलेला, तोंडावर ऊन येऊ नये म्हणून.

इंदूनं सांगितलं. दोघं खूप वेळ बसले होते. मग भारत बोलायला लागला. त्यानं त्या मुलीचं नाव ठरवून ठेवलं होतं, कोणालाच सांगितलं नव्हतं. दवाखान्यात तिला हातात घेतलं होतं, तेही सांगितलं नव्हतं. सांगताना मोठ्यानं रडला. समीक्षा पण. इंदू पाणी घेऊन बाहेर गेली आणि तशीच परत आली. निघताना दोघं एका गाडीवर गेले. समीक्षा इंदूला म्हणाली, "सरले उठवू नका जी."

म्हटलं, मग मला उठवायचं नाही का? इंदू म्हणाली, "काहून? चांगलं चाललं होतं."

९ मे

रात्रभर विचार केला. ती झोप नव्हती. थेरपिस्टनं स्वतःला पूर्ण मागे घेणं ही प्रगत अवस्था आहे. त्याला ‘स्तब्ध उपस्थिती’ असं नाव देतो. यावर पेपर लिहायचा. यवतमाळच्या परिषदेत वाचता येईल. इंग्रजीतही करू.

इंदूला नाव कसं वाटतं विचारलं. ती म्हणाली, "घोरत होते तुमी."

१८ मे

पेपर सुरू करायचा होता. लाइट नव्हती. मग आली, तेव्हा गरम होतं.

समीक्षा तांड्यावर राहायला गेल्याचं कळलं. फॉलो-अपला फोन केला. भारत म्हणाला, "सर, आता बरं हाय." म्हटलं, तरी चार-पाच सेशन लागतील, सहावं मॉड्यूल उघडलं आहे. तो म्हणाला, सांगतो. आवाजात कृतज्ञता होती.

२५ मे

तांड्यावर भोग झाला. इंदू गेली होती. मारोतरावही गेले म्हणे, पंगतीत बसून लापशी खाल्ली, नारळच फोडला होता. बाळाचं ते नाव धनीबाईंनी सगळ्यांसमोर घेतलं. इंदू सांगता सांगता थांबली. मग म्हणाली, तिथं बसल्या बसल्या आईची आठवण आली, फार रडली. धनीबाईंनी पाठीवर हात ठेवला, विचारलं काही नाही.

मला निमंत्रण नव्हतं. क्लायंटनं व्यावसायिक अंतर पाळलं याचं समाधान आहे.

इंदूचं रडणं चांगलं लक्षण आहे. तिला तसं सांगितलं. शोकाचे टप्पे पण सांगितले. ती मधेच उठून कपडे काढायला गच्चीवर गेली. कपडे वाळले नव्हते.

४ जून

बदल्यांचे आदेश आले. इंदूची जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरी आता राजूरला, तिकडे वणीजवळ, कोळशाच्या खाणीकडे. मी संतापलो. या वयात बाईमाणसाला इतक्या लांब? शिक्षण विभागाला कडक पत्र लिहितो म्हणालो. मसुदा पण केला.

इंदू म्हणाली, "लिहू नका. राजूर मीच मांगितलं."

उन्हामुळे माणूस काहीही बोलतो.

६ जून

पुन्हा विचारलं. तेच म्हणाली. का, तर म्हणे, "थोडे दिवस कोणी समजावून सांगणारं नको."

मुलांना शिकवून शिकवून ती पार थकली आहे. शाळेतली कटकट. मला आधीच दिसायला हवं होतं.

१५ जून

ठरवलं आहे की या बदलीकडे सकारात्मक बघायचं. नात्यात मोकळी जागा हवी, हे दुसऱ्याच मॉड्यूलमध्ये आहे. दर शनिवारी ती येईल किंवा मी जाईन. प्रेरणाला नागपूरला फोन करून सांगितलं, आई राजूरला चालली. मुलगी आपली, समजूतदार. म्हणाली, "मले माहीत हाय बाबा, आईनं मार्चमध्येच सांगितलं होतं."

मार्चमध्ये मी बोर्डाच्या कामात होतो.

२६ जून

इंदू गेली. स्टँडवर सोडायला गेलो. गाडीला उशीर होता. म्हटलं, आहे वेळ तर बोलू. ती म्हणाली, "बोला." मी तिला नवीन जागी जुळवून कसं घ्यायचं ते सांगितलं. खाणीचा भाग, वेगवेगळ्या प्रांतांतून आलेली माणसं, सगळ्यांच्या चालीरीतींचा आदर ठेव. ती ऐकत होती. डोळे मिटून. गाडी आली तेव्हा उठवावं लागलं.

खिडकीतून म्हणाली, "गॅस पाहून घेत जा." हात हलवला मी.

आता निवांत पेपर लिहून होईल.

२९ जून

केंद्रात कोणी नाही. समोरची खोली मोठी वाटते. बाबुलाल येऊन बसला होता. काही काम नव्हतं त्याचं. माझंही नव्हतं. बायको जाऊन त्याला बरीच वर्षं झाली. स्तब्ध उपस्थिती त्याला समजावून सांगावी असं वाटलं. नाही सांगितली. कंटाळा आला.

भात खाली लागला.

३ जुलै, सकाळी

इंदूला फोन केला. रोज मीच विचार करतो की ती करेल. आज म्हटलं, आपण पुढाकार घेऊ.

उचलला. मी म्हटलं, इंदू, ऐक, मध्ये बोलू नकोस. "हं," आलं तिकडून. मग मी बोललो. आधी कोर्सचं बोललो, मोकळ्या जागेचं, शनिवारचं. "हं, हं," येत होतं. इतकं शांतपणे तिनं मला कधी ऐकलं नव्हतं. म्हणून असेल, न ठरवलेलंही बोललो. भात लागतो. संध्याकाळी त्या देवाजवळ मीच दिवा लावून पाहिला, वात विझली, मग तसाच बसून राहिलो. कॉलेजातून आल्यावर चप्पल काढतो आणि तिथंच उभा राहतो, आत कोणाला काय सांगावं कळत नाही. करमत नाही. तू ये. मी काही समजावणार नाही.

तिकडून आवाज आला, "बाई न्हाणीत हाय जी. मी लालीबाई, घरमालकीण."

म्हटलं, मग आधी का नाही सांगितलं?

"तुमीच तं म्हणले, मधात बोलू नको. अन् तुमी थांबूनच नाही राह्यले." मग जरा हळू आवाजात, "बाईले सांगू काय, करमत नाही म्हून?"

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. तेवढ्यात मागून इंदूचा आवाज, कोणाचा फोन? लालीबाई म्हणाली, "तुमच्या मास्तरचा. लय बोलत होते, आता गप बसले."

फोन इंदूच्या हातात गेला.

"बोला," म्हणाली.

तोंडाशी सगळं होतं. आत्ताच तर बोललो होतो.

विचारलं, जेवलीस का.

ती म्हणाली, "सकाळचे आठ वाजले."

बरं म्हटलं, आणि ठेवला.