वार्डनच्या वहीतलं नाव

शेल्विका,
रविवार, ७ मे १९७८
संध्याकाळचे सहा वाजून दहा मिनिटं

ती. सौ. गुन्वोरताईस,
यार्लेचा सा. न. वि. वि.

बटाटे उकडत ठेवून लिहायला बसलो आहे. ते शिजेपर्यंत पत्र पुरं व्हावं अशी इच्छा आहे, पण सांगण्यासारखं बरंच साठलं आहे.

तुझं पार्सल मंगळवारी पोचलं. वाळवलेली सफरचंदं, राय धान्याच्या पावाच्या कडक चकत्या आणि व्यायामाच्या चित्रांचा कागद, सगळं शाबूत आहे. कागद मी स्वयंपाकघरात खिडकीशेजारी लावला. बाबांनी चष्मा लावून तो नीट पाहिला आणि म्हणाले, की चित्रातल्या माणसाला पोटच नाही, त्याला वाकायला काय जातंय.

बाबांना हॉस्पिटलमधून आणून आज तेवीस दिवस झाले. डॉ. रोस यांनी सांगितलेलं सगळं मी पाळतो आहे. सकाळी रेडिओवरची कवायत लागली की त्यांना बोलावतो. ते खुर्चीत बसून फक्त हातांची करतात, तीही डाव्याचीच, कारण उजव्यात कॉफीचा कप असतो. मुरंब्याच्या दोन बरण्यांत वाळू भरून मी उचलायला वजनं केली होती. त्यांतल्या एकीत त्यांनी जिरेनियम लावलं आहे. शनिवारचे वाफल आणि साय बंद केली. त्याऐवजी चार वाजता गाजराचे तुकडे आणि अर्धं सफरचंद देतो. परवा म्हणाले, की सशालासुद्धा रविवारी कोबी मिळतो. आई असती तर हसली असती, मला हसू येत नाही.

पण बाहेर जायला मात्र ते नाही म्हणत नाहीत. रोज अकराला शेजारचे आन्फिनकाका हाक मारतात आणि दोघं गावामागच्या वार्डन डोंगरावर निघतात. मी चार वाजेपर्यंत धक्क्यावर मासळी तोलायच्या काट्यावर असतो, त्यामुळे मी पाहिलेलं नाही. म्हणून आज सुट्टीच्या दिवशी एकटाच वर गेलो आणि माथ्यावरच्या दगडांच्या ढिगातल्या पेटीतून, चढून आलेल्यांनी नाव लिहायची क्रीडामंडळाची वही काढून बसलो. बाबांचं नाव सतरा वेळा आहे, ताई. वीस दिवसांत सतरा वेळा, तीनशे दहा मीटर. मी दोनदा मोजलं. त्या वहीत इथे कोणी खोटं लिहीत नाही हे तुला सांगायला नको. उतरताना मी जवळजवळ पळतच आलो. बाबांना आकडा सांगितला तर त्यांनी बटाटे उकडायला कधी लावणार म्हणून विचारलं.

काळजी एवढीच, की वजन चौऱ्याण्णव किलोवरच आहे. आन्फिनकाकांचा पट्टा मात्र दोन भोकं आत गेला. आणि छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायच्या गोळ्यांची बाटली पन्नासची होती, त्यात एकोणीस उरल्या. बाबा म्हणतात, गवतात सांडल्या.

आता मुख्य गोष्ट. राजधानीत हृदयाच्या ऑपरेशनसाठी नाव घातलं आहे, त्यांचा फॉर्म आला आहे. त्यात विचारलंय, की रुग्ण रोज किती चालतो आणि किती चढतो. वीस तारखेच्या आत पाठवायचा आहे. बाबा म्हणतात, तुला वाटेल ते लिही. मी आठवीत शाळा सोडलेला माणूस. चुकीचं लिहिलं जाऊ नये म्हणून तुला विचारतो.

पाणी उतू गेलं. थांबतो.

तुझी माया आहे तशीच असू दे.
यार्ले

---

बर्गन, १२ मे १९७८

चि. यार्लेस,
गुन्वोरचे अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. पत्र म्हणावं की वॉर्डातलं रजिस्टर, हा प्रश्न आहे. बाबांच्या गोळ्या मोजतोस, पट्ट्याची भोकं मोजतोस, माझ्या सुरकुत्या मोजायला कधी येतोस?

वजनाचं मनाला लावून घेऊ नकोस. स्नायू चरबीपेक्षा जड असतात, असं मासिकात आलं होतं. तुझे दाजीही सध्या दिवाणखान्यात दंड काढतात. तिसऱ्या दिवशी उभा दिवा पडला, तेव्हापासून दोघंही विश्रांती घेत आहेत.

फॉर्मचं अगदी सोपं आहे. वहीतल्या तारखा एकेक करून उतरवून घे आणि सोबत जोड. नुसतं बरा चालतो असं लिहिलं तर कोण विश्वास ठेवणार? तुझं अक्षर सुवाच्य आहे, शुद्धलेखन माझ्यापेक्षा चांगलं आहे. आपल्या बाबांनी एकसष्टाव्या वर्षी काय करून दाखवलं ते त्या मोठ्या डॉक्टरांना कळू दे. आणि जे चांगलं चाललंय त्यात शंका काढत बसायची तुझी सवय आता सोड. आईपण अशीच होती.

बाबांना एखादा वाफल दे. मी सांगितलं म्हणून सांग.

जेवणाकडे लक्ष ठेव, तुझ्यासुद्धा.
तुझी ताई

---

शेल्विका,
रविवार, ११ जून १९७८
सकाळचे नऊ वाजलेत, बाबा अजून झोपले आहेत

ती. सौ. गुन्वोरताईस,
यार्लेचा सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. चोवीस तारखा पट्टीने रेघा आखून उतरवल्या, प्रत्येकीसमोर हवा कशी होती तेही लिहिलं, आणि फॉर्म अठरा तारखेला टाकला. काल उत्तर आलं. त्यांनी लिहिलंय, की जो रुग्ण जवळजवळ रोज इतका चढतो त्याची प्रकृती समाधानकारक मानावी लागेल, सबब ऑपरेशन पुढच्या वर्षीच्या मार्चमध्ये. यादीबद्दल माझे आभारही मानले आहेत.

मी ते मोठ्याने वाचून दाखवलं. वाटलं होतं, बाबा खूश होतील. ते म्हणाले, बरं झालं, या उन्हाळ्यात बोट रंगवता येईल. मग पत्र माझ्या हातून घेतलं, पुन्हा एकदा स्वतः वाचलं, घडी करून मेणकापडाखाली ठेवलं आणि विचारलं, की तारखा पाठवायची अक्कल कुणाची. मी सांगितलं, दोघांची. कॉफी तशीच राहिली.

ही आनंदाचीच बातमी आहे ना, ताई? तू लिही, म्हणजे मलाही तसं वाटेल.

आठवण ठेवतेस, ती अशीच ठेव.
यार्ले

---

शेल्विका,
मंगळवार, २० जून १९७८
दुपारचे साडेतीन, बाबांसमोर लिहिता येईना म्हणून धक्क्यावरच्या खोलीत परत येऊन, काट्याशेजारी बसून

ती. सौ. गुन्वोरताईस,
सा. न. वि. वि.

आज बोट आली नाही, म्हणून साडेअकराला सुट्टी मिळाली. म्हटलं, बाबांना वाटेत गाठून बरोबर वर जावं. आन्फिनकाकांच्या होडीघराजवळ पोचलो तर बाबा तिथेच उपड्या होडीवर बसले होते. आपल्या दारापासून दोनशे पावलांवर. चेहरा राखेसारखा, एक हात शर्टाच्या आत. जिभेखाली गोळी असल्यामुळे त्यांना बोलता येईना, त्यांनी नुसतं बस म्हणून खूण केली. मी बसलो.

वीस-पंचवीस मिनिटांनी काका घामाघूम होऊन वरून उतरले. तुझ्या वाळवलेल्या सफरचंदांची पिशवी त्यांच्याच खिशात होती. मला पाहून ते जरासुद्धा ओशाळले नाहीत. म्हणाले, तुझ्या बापाचं, तोर्गेरचं नाव वर नेऊन आलो, काय झालं त्यात? तो जमेल तेवढं येतो, पुढचं मी नेतो. म्हाताऱ्या ब्रिताचा खुबा मोडला त्या वर्षी अख्ख्या गावाने तिचं नाव नेलंच की, तूसुद्धा दोनदा नेलंस, एवढासा होतास.

हे खरं आहे, ताई. मी नऊ वर्षांचा होतो, आणि आईने मला नाव नीट लिहायला सांगितलं होतं. आपल्यात कुणी याला खोटं म्हणत नाही. वहीतलं नाव म्हणजे पायच वर गेले असं कुणीच धरत नाही. हे मला ठाऊक होतं, आणि तरीही मी चोवीस तारखा उतरवून राजधानीतल्या डॉक्टरांना पाठवल्या, ज्यांना हे ठाऊक असायचं कारण नाही. अक्षर बाबांचं नाही हेसुद्धा मी पाहिलं नाही. मी नुसतं मोजत राहिलो.

बाबांना उठता आलं तेव्हा म्हणाले, की पहिल्या वळणापलीकडे ते एप्रिलपासून एकदाही गेलेले नाहीत. मी म्हणालो, आजच हॉस्पिटलला कळवतो. ते एकदम चिडले. म्हणाले, मग आन्फिनला खोटारडा ठरव, मंडळाला ठरव, आणि माझा ऊर कधी कापायचा ते तू ठरव. मग आवाज खाली आणून म्हणाले, मला मार्च चालेल. ताई, त्यांना भीती वाटते आहे. बोटीच्या इंजिनवर तीस वर्षं काढलेला माणूस. मी त्यांचा डबा उघडला आणि गाजर पुढे केलं. त्यांनी ते घेतलंसुद्धा.

त्यांच्या मनाविरुद्ध कळवू, की गप्प बसू? तू म्हणशील तसं.

यार्ले

---

बर्गन, २४ जून १९७८

चि. यार्लेस अनेक आशीर्वाद.

कळव. त्यांना न विचारता कळव. पण त्याने आता काय होणार तेही ऐक.

मी कालच राजधानीतल्या हॉस्पिटलला फोन केला. चार ठिकाणी जोडून दिल्यावर एक बाई बोलल्या. म्हणाल्या, मुलीच्या सांगण्यावरून रांग बदलत नाही, तुमच्या गावच्या डॉक्टरांनी नवीन तपासणी पाठवावी. डॉ. रोस यांच्याकडे फोन केला तर ते सुट्टीवर, डोंगरातल्या झोपडीत, तिथे फोन नाही. बदली डॉक्टर दहा जुलैला येणार. तोवर सगळा देश सुट्टीवर आहे, यार्ले, आणि बाबांचं हृदय कामावर आहे.

दाजी म्हणतात, गावी निघून जा. पण इथेही माझ्या वॉर्डातल्या निम्म्या परिचारिका रजेवर गेल्या आहेत, मला ऑगस्टआधी सोडत नाहीत. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात उभं राहून तुझ्या भाच्यांसाठी ठेवलेला अख्खा केक खाल्ला. आरोग्यावर भाषणं देणारी मी.

तारखा पाठवायला मी सांगितलं होतं. हे एकट्याच्या डोक्यावर घेऊ नकोस, अर्धं माझं आहे.

त्यांच्याजवळ राहा.
तुझी ताई

---

शेल्विका,
रविवार, १६ जुलै १९७८
दुपारचे दोन वाजून पाच मिनिटं, बाबांचं जेवण नुकतंच झालं

ती. सौ. गुन्वोरताईस,
यार्लेचा सा. न. वि. वि.

गुरुवारी बाबांना तपासणीला नेलं. कसे तयार झाले ते मला नीट सांगता येणार नाही. तुझं पत्र आल्यापासून मी त्यांना काही म्हणालोच नव्हतो. रेडिओची कवायत बंद केली, वजनकाटा पलंगाखाली सरकवला. वाटायचं, मी जे जे नीटनेटकं करतो त्यातून त्यांना अपायच होतो. बुधवारी त्यांनीच विचारलं, की तू आजारी आहेस का. मी म्हणालो, नाही. मग म्हणाले, तू काही मोजत नाहीस, त्याने घर सुनं वाटतं, तपासणीला जायची ती फेरीबोट किती वाजता आहे ते तरी सांग. मी सांगितलं, आठ वाजून चाळीस.

धक्क्यापर्यंत जाताना चार वेळा बसलो. बदली डॉक्टरीणबाई डेन्मार्कच्या, अगदी तरुण आहेत. त्यांच्यासमोर राजधानीहून आलेली माझी यादी होती. त्यांनी विचारलं, एवढं चढणाऱ्याला आज इथे कशाला आणलं? मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, की मी वर एकदाही गेलेलो नाही, पोराला ठाऊक नव्हतं, त्याचा दोष नाही. मग जागेवरच्या सायकलवर बसवलं. एक मिनिट पन्नास सेकंदांत त्यांना उतरवलं. बाईंनी आमच्यासमोरच राजधानीला फोन लावला.

चौदा ऑगस्टला खाट रिकामी होईल. त्याआधी नाही. मी विचारलं, तोवर काय खायला द्यायचं, किती चालवायचं, कोणता व्यायाम? त्या म्हणाल्या, काहीच करू नका, उन्हात बसवा, आणि दुखलं तर फोन करा. म्हणजे आजपासून एकोणतीस दिवस. मी त्यांना पुन्हा विचारलं, काहीच नाही का? त्या म्हणाल्या, काहीच नाही.

ताई, चढायला सांगितलं असतं तर मी त्यांना पाठीवर घेऊन चढलो असतो. हे मला येत नाही.

खाली बाबांना चार ओळी लिहायच्या आहेत. लोभ आहेच, या दिवसांत जरा जास्त लागेल.
यार्ले

ता. क.
चि. गुन्वोरला बाबाचे आशीर्वाद. मी कधी पत्र लिहीत नाही, तेव्हा चुका काढू नकोस, त्या याने आधीच काढल्या आहेत. तुम्ही दोघं भांडू नका. पहिल्या रविवारी हा वार्डनवरून पळत खाली आला आणि सतरा, सतरा करत दारात उभा राहिला. तुमची आई गेल्यापासून त्याचा असा चेहरा मी पाहिला नव्हता. त्याला खरं काय ते सांगणार होतो, तोंडातून बटाटे आले. पुढच्या रविवारी सांगू म्हटलं. पुढच्या रविवारी बावीस झाले होते.

आत्ता तो माझ्याशेजारी पायरीवर उन्हात बसला आहे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलंय तसं काही करत नाही. त्याला घाम फुटला आहे.