पाच विद्यापीठं आणि शिसवी पट्टी

३ जानेवारी, सकाळी साडेसहा
संकल्प : यंदा रागवायचं नाही.
नातीला परदेशी जाऊन शिक्षणशास्त्र शिकायचं आहे. पाच विद्यापीठांतून एक निवडायचं, मुदत महिनाअखेर. घरात भाषेचा निवृत्त मास्तर बसलेला असताना बाहेर सल्ला कशाला? सूत्रं हाती घेतली. माझा कौल नदीकाठच्या विद्यापीठाला. सातवीच्या पुस्तकातली ती नदीची कविता! अहाहा. तशी नदी जिथे, तिथेच विद्या. शिवाय पाचांत तेच जवळ. पोर दर सुट्टीत घरी येईल.

त्याच दिवशी, दुपारी
चिरंजीव म्हणाले, बाबा, नद्या बघून कोणी ॲडमिशन घेत नाही. ॲटलास फेकला. त्याच्या कानातून रक्त आलं. नेम धरला नव्हता, पुठ्ठाच जाड निघाला.
संकल्प उद्यापासून.

८ जानेवारी
नातीने पाचही विद्यापीठांचा तक्ता भिंतीवर लावलाय. अक्षर मुंगीएवढं. पहिल्या रकान्यात नुसती सालं. ओळखलंच मी, स्थापनेची वर्षं! जुनं ते सोनं, हे रक्तच माझं. सगळ्यांत जुनं साल मात्र सगळ्यांत लांबच्या विद्यापीठापुढे. खटकलं. नदीवाल्यापुढची जागा कोरी. इतकं प्राचीन असावं की साल कोणालाच ठाऊक नाही.

११ जानेवारी
नातीबरोबर कन्सल्टन्सीत गेलो. सल्लागार माझाच विद्यार्थी निघाला. बोका! (नाव मीच ठेवलेलं.) बिचाऱ्याचं एक बोट वाकडं आहे, लहानपणी कुठेतरी पडला असेल. मला पाहताच ताडकन उठला आणि भिंतीला टेकेपर्यंत मागे सरकला. याला म्हणतात आदर.
म्हटलं, बोक्या, नदीची कविता म्हणून दाखव. तिसऱ्या कडव्याला अडला. तिथेच अडतात सगळी गाढवं. टेबलावर स्टीलची पट्टी होती. हात आपोआप गेला. एकच मारली, तीही प्रेमाने.
बोक्याने कॉलर धरली आणि मला काचेच्या दारावर आपटलं. काच फुटली, भुवई फुटली. रडत ओरडत होता, मारा सर, आता मारा ना, मारा! वॉचमनने सोडवलं. तीन टाके.
तीस वर्षांनी भेट झाली की भावना अनावर व्हायच्याच. वाटेत नात माझ्याकडे पाठ करून बसली. दमली असेल.

१७ जानेवारी
नात 'मला हे का शिकायचंय' असा निबंध लिहितेय. मदतीला गेलो. स्क्रीनवरची एक चूक दाखवायला बोट पुढे केलं, तर तिने लॅपटॉप खाडकन मिटला. नख काळंनिळं.
घाई, दुसरं काय.

१८ जानेवारी
सून म्हणाली, बाबा, तिचं तिला लिहू द्या हो. कप भिंतीवर. निसटला.
तेव्हा चिरंजीवांनी माझ्या कपाटातून शिसवी पट्टी काढली, गुडघ्यावर ठेवून कडकन मोडली. म्हणाले, माझ्या पाठीवरच मोडली असती तर तेव्हाच सुटलो असतो. बत्तीस वर्षांची सोबत, दोन तुकडे! डिंकाने जोडून पाहिली. धरत नाही.

२५ जानेवारी
निबंध प्रिंटरवर सापडला. पहिलंच वाक्य माझ्यावर! नदीची कविता मला आजोबांनी शिकवली. डोळे भरून आले. चष्मा पुसून पुढे वाचलं. आठ वर्षांची असताना तिसऱ्या कडव्यापायी अकरा पट्ट्या खाल्ल्या म्हणे. मोजल्यात. (मला चारच आठवतात.) मार खाल्लेली मुलं पुढे कशी शिकतात, यावर तिला काम करायचं आहे.
चष्मा होताच डोळ्यांवर. उठून तक्ता जवळून पाहिला. पहिल्या रकान्याच्या डोक्यावर लिहिलंय : त्या देशात मुलांना मारणं कायद्याने बंद झालं ते वर्ष.
नदीवाल्यांनी अजून बंद केलेलं नाही.
निबंधाला दहापैकी सात दिले. इंग्रजी बरं आहे.

३१ जानेवारी, संध्याकाळी
अर्ज गेला. एकाच ठिकाणी, सगळ्यांत लांब. तिथून दोन वर्षांत एकदा येणं झालं तर झालं, असं सून म्हणाली. मी काही फेकलं नाही. संकल्प पाळला म्हणायचा.
नात सांगायला खोलीत आली. म्हणाली, आबा, पाठवला. डोक्यावरून फिरवावा म्हणून मी हात उचलला.
तिने डोळे घट्ट मिटले आणि उजवा तळवा पुढे केला. सरळ, वर्गात करतात तसा. मग तिचं तिलाच कळलं. हात मागे घेतला. म्हणाली, सवय हो आबा. आणि गेली.
दार लावून घेतलं. मन शांत करावं म्हणून नदीची कविता मोठ्याने म्हटली.
तिसऱ्या कडव्याला अडलो.
पुन्हा पहिल्यापासून म्हटली. पुन्हा तिथेच.