धरणारे दोघे

वायनो लेक, मिनेसोटा
शनिवार, ६ नोव्हेंबर २०२१

प्रिय लव्हॉन,

खुशाली विचारतो, पण उत्तराची आशा धरून नाही. जूनपासूनची माझी दोन्ही पत्रं तू न उघडताच परत पाठवलीस. पाकिटावर डुलुथचा शिक्का आणि तुझ्या अक्षरात ‘परत’, एवढंच हाती आलं. म्हणून हे तिसरं पत्र टपालात न टाकता, तू जिच्याकडे राहतेस त्या लेकीच्या हाती उद्याच माणसाकरवी पाठवतोय. मार्सीला फोनवर सांगितलंय, की सोमवारच्या आत आईला वाचून दाखव, ती कानांवर हात ठेवून बसली तरी.

आधी घरचं सांगतो. गुरुवारी चार बोटं बर्फ पडलं. त्याआधीच मी तुझ्या घरातले नळ रिकामे करून घेतले, म्हणजे थंडीत फुटायचे नाहीत. पेक्का माझ्याकडे मजेत आहे. मी पेस्टी खायला बसलो की शेजारी येऊन माझ्याकडे असा बघतो, की मांसाचं अर्धं सारण त्याच्याच पोटात जातं. कुत्र्याला लाडावून ठेवलंय म्हणून मी तुला बोलायचो, आता तू मला बोल. आज हरणांच्या शिकारीचा पहिला दिवस. सगळं गाव नारिंगी जॅकेटं चढवून रानात गेलंय. वयाच्या बाराव्या वर्षापासून मी एकही पहिला दिवस चुकवला नव्हता, यंदा घरी आहे. कॅफेत विचारत होते, “काय आर्लन, गुडघ्यांनी राजीनामा दिला काय?” मी म्हणालो, हो, माझ्याबरोबरच दिला. ऑगस्टमध्ये मी पोलिसाचा बिल्ला परत केला, हे मार्सीने तुला सांगितलं असेलच.

आणखी एक. तुझ्या परसातल्या वाफेच्या सौनाच्या ओट्यासमोरची सिमेंटची पायरी मी घण घालून फोडली. तुला विचारायला हवं होतं. शेजारचा रूडी कुंपणापाशी आला आणि म्हणाला, “हात लावू का?” मी म्हणालो नको. “नको तर नको,” म्हणाला, पण गेला नाही. शेवटचा तुकडा गाडीत टाकेपर्यंत तिथेच उभा होता. आता तिथे नुसती माती आहे. पण मागच्या दाराने गेलं की डोळे तिथेच जातात, त्यामुळे फोडून काही उपयोग झाला असं नाही.

सोमवारी आमच्या ठाण्यातल्या कोडीवरच्या खटल्याची सुनावणी आहे. तू येणार आहेस असं कळलं. तिथे मी शपथेवर जे बोलणार आहे ते तू भर कोर्टात, चार लोकांत पहिल्यांदा ऐकू नयेस, म्हणून हे सगळं. नाहीतर नळ आणि कुत्रा मार्सीला फोनवर सांगून भागलं असतं.

अठ्ठ्याण्णव साल तुला आठवत असेल. ड्वेन हार्जूच्या हातात स्वयंपाकघरातली सुरी होती आणि माझ्या हातात पिस्तूल होतं. चौकशीत मी निर्दोष ठरलो, पण माणूस गेला तो गेलाच. त्यानंतर तीन आठवडे तू रोज डबा घेऊन माझ्याकडे यायचीस. एक शब्द विचारला नाहीस. बाहेर जाताना नुसती माझ्या खांद्याला हात लावून जायचीस. त्या हाताची मला अजून आठवण आहे, आणि ती ठेवण्याचा हक्क राहिलाय की नाही, माहीत नाही.

म्हणून ते विजेचं पिस्तूल आपल्याकडे येणार असं कळलं, तेव्हा मला देवच पावल्यासारखं वाटलं. रंगाने पिवळं, म्हणून ठाण्यात सगळे ‘पिवळी’च म्हणायला लागले. तारेला बांधलेल्या दोन सुया सुटतात, अंगात रुततात, पाच सेकंद वीज जाते, माणूस फळीसारखा ताठ होतो आणि मग मोकळा होतो. रक्त नाही, दफन नाही. मी कमिटीपुढे गेलो, चर्चमध्ये बोललो, ज्याच्या-त्याच्या मागे लागलो. शेवटी चौदा साली हॉकीच्या मैदानात सगळ्या गावासमोर प्रात्यक्षिक ठेवलं. म्हातारी सारीआजी पहिल्याच बाकावरून म्हणाली, “अरे, वीज ती वीज. उद्या माझ्यासारखीवर चालवाल.” मी म्हणालो, “आजी, आज माझ्यावर चालवतायत. नीट बघून घे.” लोक हसले. तूही हसलीस, डोळ्यांवर बोटं धरून.

मला खाली गादी घातली होती आणि दोन्ही बाजूंनी दोघांनी दंड धरले होते. प्रशिक्षणात नेहमी तसंच करतात. एक आपला ठाण्यातला गॅरी. दुसऱ्याचं पुढे लिहितो.

पाच सेकंदांनी मी उठून उभा राहिलो, टाळ्या झाल्या आणि पिवळी गावात आली. त्यानंतर सात वर्षं मी पोरांना तिचं शिक्षण देत होतो. प्रत्येक तुकडीला पहिलं वाक्य हेच, की मी घेतलीय अंगावर, मला काही झालं नाही.

तुलाही तेच सांगितलं. तुझ्या एरोला आवाज ऐकू यायला लागले त्या हिवाळ्यात तू मला स्वयंपाकघरात बसवून विचारलंस, “तो बिथरला तर कुणाला बोलावू? डॉक्टर तर दीड तासावर.” मी कॉफीत पाव बुडवत म्हणालो, “आम्हालाच बोलाव. पिवळी आहे ना आता. पाच सेकंद, मग गरम कॉफी, मग दवाखाना.” अगदी हेच शब्द. तू मार्सीला सारखी म्हणतेस म्हणे, की फोन मीच केला, फोन मीच केला. लव्हॉन, फोन तुझ्या बोटांनी लागला असेल, पण तो माझ्या सांगण्यावरून लागला. हे तरी माझ्याकडून घे.

जूनमधल्या त्या दुपारचं, कोडीच्या छातीवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण मी अकरा वेळा पाहिलं. स्वच्छ ऊन आहे. एरो अनवाणी, सौनाच्या ओट्यावर दारासमोर उभा आहे, हातात बर्चच्या डहाळ्यांची जुडी, वाफेत बसून आपण अंगावर मारून घेतो तीच. तो ओरडतोय, पण कुणाच्या अंगावर जात नाहीये. कोडी नीट बोलतो. “एरो, खाली ये रे. आई घाबरलीय बघ.”

एरो म्हणतो, “तू आत जाऊ नकोस. आत माणसं बसलीत. वाफ भाजेल तुला.”

“नाही जात. तू ये खाली.”

“मग जा ना परत. कशाला आलास?”

एवढंच झालं. कोडी गाडीतून उतरल्यापासून सुई सुटेपर्यंत चार मिनिटं. त्याच्या आवाजात राग नाही. राग असता तर मला समजून घेता आलं असतं.

तुला टोइवो निएमी आठवतो? कुऱ्हाड घेऊन गोठ्यात बसला होता तो? माझ्याकडे तेव्हा फक्त खरं पिस्तूल होतं आणि दारूच्या नशेत रडणाऱ्या म्हाताऱ्यावर ते कुणी काढत नाही. म्हणून मी बादली पालथी घालून तिच्यावर बसलो. अडीच तास बसलो. त्याने मला त्याच्या सगळ्या गाईंची नावं सांगितली, मेलेल्यासुद्धा, आणि मग कुऱ्हाड माझ्याकडे देऊन म्हणाला, “चल, भूक लागली.” तेव्हा मला ते कंटाळवाणं काम वाटलं होतं. आम्ही पिवळी आणली ती बंदुकीच्या जागी, आणि ती जाऊन बसली त्या बादलीच्या जागी. एरोवर कुणीच गोळी झाडली नसती, लव्हॉन. फार तर कोडी लाकडांच्या ढिगावर बसून त्याचं ऐकत राहिला असता. माझ्या शिकवण्यात बसायचं कुठे नव्हतंच.

आता ते लिहितो, ज्याच्यासाठी सकाळपासून नळ आणि पायरी करतोय.

शिकवण्याच्या पुस्तकात एक पान आहे. उंचावर उभ्या असलेल्या माणसावर हे चालवू नये. वीज अंगात असताना माणसाचे हात पुढे येत नाहीत, तोल सावरता येत नाही, पडला तर ओंडक्यासारखा पडतो, आधी डोकं. ते पान मी शिकवलं नाही. एकदाही नाही. “आपल्या गावात उंच आहे तरी काय?” असं म्हणून मी ते उलटायचो आणि पोरं हसायची. कोडी पहिल्या रांगेत होता. तोही हसला.

एरोचा ओटा जमिनीपासून तीन फूट होता. तीन फूटच, आणि खाली ती सिमेंटची पायरी.

जुलैत मला लेखी विचारलं, की ही सूचना प्रशिक्षणात दिली होती का. मी ‘दिली होती’ असं लिहून खाली सही केली. तुझ्या मुलाला पुरून तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. त्या एका ओळीवर कोडीवरचा खटला उभा आहे, की शिकवलेलं असून त्याने मानलं नाही. सप्टेंबरमध्ये तो माझ्या दारात आला. आत ये म्हटलं तरी आला नाही. टोपी हातात धरून म्हणाला, “सर, मला ते पान आठवतच नाही. सगळ्या वह्या शोधल्या. मीच विसरलो असेन, नाही का?” आणि मी, तुझा भाऊ, म्हणालो, “पुन्हा एकदा शोध.” तो मान हलवून गेला. अजून शोधत असेल.

सोमवारी मी खरं सांगणार आहे. माझं काय व्हायचं ते होईल, त्याचं मला काही वाटत नाही. मला भीती आहे ती दुसऱ्याच गोष्टीची. मार्सी म्हणाली, की आई सकाळी उठते ती कोडीला शिक्षा होताना बघायचीय म्हणून, नाहीतर उठणारच नाही. तो कदाचित सुटेल. म्हणजे तुझ्याकडे उरलेली ती एक गोष्टसुद्धा मीच काढून घेतोय. त्याबदल्यात द्यायला माझ्याकडे काही नाही. खरं सांगितल्याने एरो येत नाही, तुझी झोप येत नाही, आणि मला हलकंही वाटत नाहीये. वाटेल असं समजून लिहायला बसलो होतो. माफी मागत नाही. तेवढं तोंड राहिलेलं नाही.

राहता राहिला तो दुसरा.

तू वर बाकावर होतीस, खाली आम्ही काय बोललो ते तुला ऐकू आलं नसेल. त्याने माझा डावा दंड धरला आणि म्हणाला, “मामा, तू पडलास तर मला घेऊनच पडशील, एवढा जाडा आहेस.” मी म्हणालो, मग सोडून दे. तो म्हणाला, “सोडत नाही. तू फक्त श्वास घे.” चोवीस वर्षांचा होता, डोकं अगदी ठिकाणावर, खाणीतल्या वर्कशॉपचं तेल नखांत. वीज आली तेव्हा मला माझं बोटसुद्धा हलवता आलं नाही. मी पूर्ण त्याच्या हातात होतो. त्याने मला सावकाश खाली घेतलं, आधी गुडघे, मग पाठ, आणि सगळ्यात शेवटी डोकं, ते मात्र गादी असूनसुद्धा स्वतःच्या तळव्यावर.

सात वर्षं मी गावभर सांगत फिरलो, की मला काही झालं नाही. मला काही झालं नाही, कारण एरोने धरलं होतं.

कोर्टात मी दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसेन. तू पुढे बस, म्हणजे माझ्याकडे बघावं लागणार नाही.

तुझ्या मुलाने ज्याला पडू दिलं नाही, तो
आर्लन