पोचा गेलेला गिलास

मंगळवार, १४ मार्च १९७८. कारधा

कपाळाला चार टाके पडले. ठणकतंय, पण राग त्याचा नाही. मग कशाचा?

आज दादाचा दहावा. दारूपायी रक्त ओकून मेला तो, चाळिशीही न गाठता. वैनगंगेच्या काठी पान वाढलं, पण कावळा काही शिवेना. काका म्हणाले, "त्याच्या आवडीचं ठेव ना." मी घरी धावलो आणि मोहाची दारू त्याच्याच पितळी गिलासात भरून आणली. काठाशी पोचा गेलेला तो गिलास. दादाचा म्हणून मुद्दाम तोच घेतला, गाढवासारखा.

वहिनीनं गिलास पाहिला, उचलला आणि सरळ माझ्या कपाळावर हाणला. मी पडलो, तरी ती वाकून मारतच राहिली. रक्त आणि दारू एकदमच डोळ्यांत उतरली. दोघांनी तिला मागं ओढलं, तेव्हाही ती ओरडत होती, "हा पोचा कायचा हाय, माहीत हाय का भाऊजी? माह्या डोक्याचा हाय! अन् मेल्यावरही त्याले भरून देऊन राहिले तुमी?"

कावळा शिवला की नाही, कोणी पाहिलंच नाही.

गिलास समोर आहे. आता त्याला दोन पोचे.

मला माहीत नव्हतं, असं सगळ्यांना सांगून आलो. आमच्या दोन घरांत भिंत एकच. पलीकडून आवाज आला की आई दचकून विचारायची, "काय झालं रे?" आणि मी म्हणायचो, "काही नाही, गिलास पडला असन."