लेकीला शीव नाही

॥ श्री ॥
करंजगाळी, पेठा सुपे
ता. २२ सप्टेंबर १९१८

चिरंजीव तुकाराम यास लखूमामाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी प्रकृती कशी आहे? रेल्वेच्या कारखान्यातल्या लोखंडाच्या धुळीनं खोकला धरला होता, तो सुटला का? काशीअक्काचे गुडघे काय म्हणतात? सूनबाई देवकीचं अंग भरून आलं का? केशरचे पुढचे दात आले का, आणि धाकटी इंदू अजून माती खाते का? एकेकाचं वेगवेगळं लिही. गेल्या खेपेला 'सर्व खुशाल' एवढं लिहून मोकळा झालास. सर्व म्हणजे काय भाताचं पोतं आहे, तोंड शिवून ठेवून द्यायला?

इकडे मी बरा. तुझी मामी पुतळी बरी आहे, म्हणजे बोलते आहे. तुम्ही सगळी दिवाळीला डोंगरात येणार हे कळल्यापासून तिनं घर इतकं सारवलंय की आता उंबरा बुडायचा तेवढा राहिलाय. अक्काला माहेराला येऊन किती वर्षं झाली! यंदाचं नवं भात तिच्याच हातानं शिजायचं, हे मी गावात सांगून ठेवलं आहे.

तुझ्या रेल्वेच्या पासावर काय काय होईल तेही ठरवून ठेवलंय. मुक्काम घरी. एक दिवस पहाटे बैलगाडी जोडून तिनईघाट स्टेशन गाठायचं. तिथून कॅसलरॉक, मग घाट उतरत दूधसागर. धबधबा डब्यातूनच दिसतो, म्हणतात तुषार खिडकीतून अंगावर येतात. गोव्याच्या हद्दीत कुळ्याला उतरून फिरंगी शिपाई बघायचे आणि सांजच्या गाडीनं परत. दुसरा दिवस लोंढ्याच्या बाजाराला. अक्का बोगद्यात डोळे मिटून घेईल, तिला मधे बसवू. पुतळी जन्मभर शिटी ऐकत आली, गाडीत कधी बसली न्हाई. ती विचारते, डब्यात चूल मांडू देतात का. मी म्हटलं, पुढच्या डब्यात एक मोठी चूल पेटलेली असतेच.

थोडं लिहिलं, मनात पुष्कळ आहे. मामावरची माया पातळ होऊ देऊ नको.

तुझा,
लखूमामा


॥ श्री ॥
हुबळी
ता. ६ ऑक्टोबर १९१८

तीर्थस्वरूप लखूमामांच्या चरणी तुकारामाचा शिरसाष्टांग नमस्कार. वि. वि.

पास हाती आला आहे. पण दिवाळीपर्यंत थांबण्यासारखी स्थिती राहिली नाही. इथं मानमोडीचा ताप घरोघर शिरला आहे. माणूस सकाळी कामावर येतो, दुपारी मान टाकतो. आमच्या शेजारच्या खोलीतली आई आणि मुलगी एकाच सकाळी गेल्या. न्यायला चार माणसं जमली नाहीत, मी आणि एका परक्या हमालानं, अशा दोघांनीच नेल्या.

येत्या बुधवारी सकाळच्या गाडीनं आईला, देवकीला आणि दोन्ही मुलींना आपल्याकडे धाडतो. आपल्या उत्तराची वाट पाहत नाही, याची क्षमा असावी. मला रजा नाही. इतके लोक पडले आहेत की जो उभा आहे त्याला सोडत नाहीत. परतीचा पास देवकीजवळ दिला आहे. इथलं निवळलं म्हणजे मी कळवीन, तोवर तिला परत पाठवू नये. मुलींना दूधसागरची सहल लवकर निघाली असं सांगितलं आहे.

मामा, मला तुमच्या डोंगराचा भरवसा आहे. या दोन पोरी तेवढ्या सांभाळा. मामींना नमस्कार.

आपला आज्ञाधारक,
तुकाराम


॥ श्री ॥
करंजगाळी
ता. ११ ऑक्टोबर १९१८

चि. तुकारामास आशीर्वाद. वि. वि.

सगळी पोचली. आधी हे वाच आणि श्वास सोड. मग पुढचं वाच.

मी गाडी घेऊन स्टेशनावर गेलो आणि मागे गावानं शीव बांधली. लोंढ्याकडच्या मरणांची बातमी आली होती. शिवेच्या ओढ्यावर बुधवंत कान्हूनं, म्हणजे आमच्या गावच्या मुखत्यारानं, नारळ ठेवून दोर ताणला होता. परकं माणूस आत घ्यायचं न्हाई, आतल्यानं बाहेर पडायचं न्हाई. मला आत घेतलं, मी गावचा. अक्काबद्दल त्यानंच सांगितलं, की लेकीला शीव नाही. माहेरवाशिणीला अडवलं तर देवीच उठून जाईल. पण देवकी परगावची, आणि पोरी लेकीच्या नाती असल्या तरी गावच्या लेकी नव्हेत. मी कान्हूशी पुष्कळ भांडलो. तो म्हणाला, की लखू, तू चार अक्षरं शिकलास म्हणून देवीला शिकवू नको.

अक्का म्हणाली, की मी पोरींजवळच राहते. ते मी ऐकलं न्हाई. तिनं गाडीत सारा वेळ डोकं गुडघ्यांत घातलं होतं. प्रवासानं दमली आहे, अशा म्हातारीला दवात कसं निजवायचं? देवकीनंही आग्रह केला. मी अक्काला हात धरून ओढा ओलांडून आणलं. पुतळीनं तिच्यासाठी ऊन पाणी तापवलं, डोकं मांडीवर घेतलं.

देवकी आणि पोरी ओढ्यापलीकडे माझ्याच शेतातल्या राखणीच्या खोपीत आहेत. कूड नवा आहे, छप्पर गळत न्हाई. कुत्रं तिकडे सोडलंय आणि मी अलीकडच्या काठाला शेकोटी घालून निजतो. पेजेचं मडकं मधल्या खडकावर ठेवतो, देवकी येऊन नेते. इंदू इथलीही माती चाखून बघते आहे. केशर रोज ओरडून विचारते, की आजोबा, दूधसागर आज का उद्या. मी उद्या म्हणतो.

तू स्वतःला जप. ऊन पाणीच पी.

तुझा,
मामा


॥ श्री ॥
हुबळी
ता. १६ ऑक्टोबर १९१८

ती. मामांस सा. न. वि. वि.

पत्र वाचून एका डोळ्यात हसू, एका डोळ्यात आसू आलं. केशर आजोबांशी ओरडून बोलते हे वाचून, खोलीत एकटा असूनही मोठ्यानं हसलो.

मात्र एक गोष्ट कळवायची राहिली. निघण्याच्या आदल्या दिवशी आईला कणकण होती. कोणाला सांगू नको, माहेरी गेले की उतरेल, असं तिनं मला बजावलं होतं. ती आत आहे, तेव्हा तिला वेगळं निजवा आणि मामींना फार जवळ जाऊ देऊ नका.

माझं बरं आहे. काल दुपारपासून अंग मोडून आल्यासारखं वाटतं, ते दुप्पट कामामुळे. दिवाळीला येतोच. देवकीला हे कळवू नये, ती उठून इकडे निघेल. तिचा स्वभाव आपल्याला ठाऊक नाही.

आपला,
तुकाराम


करंजगाळी
ता. २७ ऑक्टोबर १९१८

चि. तुकारामास आशीर्वाद.

वर श्री न्हाई, त्यावरून तू समजला असशील. बाबा, तुझी आई गेली. तुझं पत्र हाती पडलं तेव्हा अक्काला जाऊन तीन दिवस झाले होते आणि पुतळी तापानं बडबडत होती. नंतर पुतळीही गेली. मग कान्हूचा थोरला, मग वरच्या वाडीतली चार घरं. अक्काला कोणी बोल लावत न्हाई. कान्हू येऊन माझ्या ओसरीवर बसतो. शीव त्यानं बांधली आणि हात धरून आणलं मी.

आता गावाला बाहेरच्यांचं भय उरलं न्हाई, दोर कधीच तुटून पडलाय. कान्हू म्हणाला, पोरींना आण आत. मीच न्हाई म्हटलं. मलाही ताप येऊन गेला. पेज देणं बंद केलं, कोरडे तांदूळ लांबून खडकावर ठेवतो आणि मागं सरून वडाखाली उभा राहतो, मगच देवकीला पुढे येऊ देतो. त्या तिघी निरोगी आहेत. हे दोनदा वाच. तिघीही निरोगी आहेत.

अक्काचं मी ओढ्यावरून ओरडून सांगितलं. असली बातमी ओरडून सांगायची वेळ वैऱ्यावर येऊ नये. देवकी रडली, मग तिनं तुझं पत्र मागितलं. तुझ्या दुखण्याची ओळ वगळून मी तिला ते वाचून दाखवलं. ती अडाणी असली तरी माझा आवाज तिला वाचता आला. तेव्हापासून ती रोज टपालाचं विचारते, आणि मला रोज न्हाई म्हणावं लागतं.

काल तिनं गाठोडं बांधलं. पास तिच्याजवळ आहे. स्टेशनाची वाट तिला माहीत झाली आहे. म्हणते, की नवरा तिकडे पडला असेल तर मी इथं तांदूळ शिजवत बसायची न्हाई. पोरींना घेऊन हुबळीची गाडी धरते. केशरला वाटतं सहल निघाली. मी ओढा ओलांडून तिला धरू शकत न्हाई, मीच आजार घेऊन जाईन. वडाखालून हात जोडले. तुझ्या गळ्याची आण घालून थांबवलं. परवाच्या टपालापर्यंत थांबते म्हणाली. त्यापुढे माझी आण चालायची न्हाई.

तू कारखान्यात असशील, दवाखान्यात असशील, कुठंही अस. हात चालत नसेल तर कोणाकडून दोन ओळी लिहवून घे, 'पोरींना तिथंच ठेव' एवढ्याच. आणि ज्या कोणा परक्या माणसाच्या हाती हे पत्र पडेल, त्या भल्या माणसालाही माझा नमस्कार. तुकाराम कसा आहे ते, असेल तसं, तुम्ही लिहा. पण उलट टपाली लिहा.

तुझा,
लखूमामा