आमच्या घराण्यात तसलं जनुक नाही

मुलुंड, ३ फेब्रुवारी २०२५

चि. गार्गीस अनंतकाकाचे आशीर्वाद. वि. वि.

मिहिरच्या आई वनमालाबाईंचा सांताक्रूझहून फोन आला होता. तुमची मुलगी झेडएफपी ३६ नावाच्या जनुकावर काम करते म्हणजे काय, असं विचारत होत्या. सूर मला मुळीच आवडला नाही. आपल्या घरात काही खोट आहे का, हेच त्यांना विचारायचं होतं. मी लगेच कडक पत्र लिहिलं, की आमच्या सात पिढ्यांत कुणालाही हे जनुक नव्हतं, तुम्ही आधी तुमच्या घरात तपासा. पस्तीस वर्षं टपाल खात्यात काढली, कागदाचा वचक मी जाणतो. काकू ते उद्या पेटीत टाकेल. तू निर्धास्त राहा आणि वेळेवर जेवत जा.

सदैव तुझीच बाजू घेणारा,
अनंतकाका

अंधेरी, ६ फेब्रुवारी

ती. काकांना शि. सा. न. आणि थोडा राग.

काका, वाट लावलीत! फोन बंद ठेवलात, म्हणून मीही कागद काढला. हे जनुक सगळ्यांकडेच असतं. पेशीत आरएनएचे निरोप फिरतात. 'सूज आणा' असा निरोप निघाला, की या जनुकापासून बनलेलं प्रथिन जस्ताने आकार धरलेल्या बोटांसारख्या भागांनी तो पकडतं आणि नष्ट करवतं. ज्या उंदरांत हे जनुक बंद केलं, त्यांचे सांधे सुजले, ते वाळत गेले.

मिहिर मला मनापासून आवडतो. चार वर्षांनी कुठे दोन्ही घरं बोलायला लागली होती. ते पत्र पोचलं तर सगळं संपेल. मला खूप भीती वाटते आहे.

रागावले तरी तुमचीच,
गार्गी

मुलुंड, १२ फेब्रुवारी

चि. गार्गीला सुनंदाकाकूचे आशीर्वाद.

तुझं पत्र ह्यांनी दोनदा वाचलं आणि म्हणाले, असेल सगळ्यांकडे, पण आपल्याकडे कमीच असणार.

घाबरू नकोस, सांताक्रूझचं पत्र मी फाडलं. लग्न झाल्यापासून ह्यांची पत्रं पेटीत टाकायचं काम माझं. खुशालीची जातात, रागाची भाजीच्या सालांखाली. तुझ्या बारशाच्या पत्रिकेत ह्यांचं नाव खाली छापलं म्हणून तुझ्या बाबांना लिहिलेलं पत्रही तिथेच गेलं. त्या दिवाळीला भाऊजी फराळाला आले, तर ह्यांना वाटलं, पत्राने सरळ झाला.

वनमालाबाईंना मीच चार ओळी लिहिल्या, की आमची मुलगी भडका शमवणाऱ्या जनुकाचा अभ्यास करते. आज उत्तर आलं, रविवारी साखरपुड्याचं ठरवायला येतायत. हे सकाळपासून खुशीत आहेत. म्हणतात, बघ, कडक लिहिलं की माणसं कशी जमिनीवर येतात!

वाचून झालं की हे पत्र फाड. आता सासरी जाणार आहेस, हाताला सवय लागलेली बरी.

तुझी,
काकू