नंदूचं नाव

१ जाने. १९७८, रवि.
सकाळच्या बसनं धारवाड. विमलला इस्पितळात ठेवून उद्या तीन आठवडे. डॉ.नी विचारलं, मुलगा गेल्यावर तुम्ही दोघं काय बोललात? म्हटलं, काहीच नाही. तिला त्रास नको म्हणून नंदूचं नावच काढलं नाही घरात. फोटोही उतरवला. त्यांनी लिहून घेतलं. मग विचारलं, पत्नीला काय आवडतं? आठ वर्षं संसार. अंदाजानं म्हटलं, द्राक्षं.
वि. दहा मिनिटं भेटली. नजर जमिनीवर. द्राक्षं नेली होती, ती तशीच मांडीवर.

४ जाने.
कचेरीत दोन फायली उलट लावल्या. साहेबांनी स्वतःच सरळ केल्या. सगळे सांभाळून घेतात, त्याचाच राग येतो.
अक्का घर बघते. आई गेल्यावर मला हिनंच वाढवलं, आताही डबा हीच बांधते. वि.बद्दल अवाक्षर नाही.

८ जाने., रवि.
लवकर पोचलो. व्हरांड्यात वि.चा आवाज. थांबलो. गणपतीत नंदू गेल्यापासून आमच्याशी शब्द नाही, आणि इथं शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीशी कानडीत भरभरून. नंदूचंच. धारवाडहून परतताना रायापूरला बस बंद पडली, तो मांडीवर कसा तापत गेला. म्हातारीनं विचारलं, आणि तुझा नवरा? वि. म्हणाली, "अवरु अळलिल्ल." ते रडले नाहीत.
रडलो होतो. रोज, कचेरीमागच्या नळापाशी. तिला कळू नये म्हणून तोंड धुऊन घरी जायचो.
आत गेलो. गप्प झाली.

१५ जाने., रवि.
काल संक्रांत. वि.साठी तीळगूळ अक्कानं दिला नाही, मीही मागितला नाही.
डॉ. म्हणाले, आता तुम्हीच नाव काढा. बाकावर बसलो दोघं. शेवटी म्हटलं, "नंदू मला अप्पा म्हणायचा, तुला मात्र नावानं हाक मारायचा."
तिनं माझ्याकडे बघितलं. "त्याचे कपडे कुठं आहेत?"
म्हटलं, अक्कानं ट्रंकेत ठेवले असतील. आणाल का, म्हणाली. आणतो म्हटलं. तिनं माझा हात धरला, म्हातारीदेखत. घामानं ओला झाला तरी सोडवला नाही.

१६ जाने.
अक्काला विचारलं. भाकरी थापत होती, हात थांबला नाही. बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी बंबात घालून जाळले म्हणाली. तू कचेरीत होतास, ती निजली होती. सगळे? सगळे.
"कपडे घेऊन दिवसदिवस बसायची रे. खुळी झाली असती."
तिनं भाकरीवर लोणी जास्त घातलं. जेवलो.

२० जाने.
कचेरीच्या कामानं धारवाडला. सुभाष रोडवर तयार कपड्यांचं दुकान. निळ्या चौकडीचा शर्ट, तीन वर्षांच्या मुलाचा. नंदूचा होता अगदी तसाच. दुकानदार म्हणाला, दोन धुण्यांत मऊ होतो. किती वयाचा मुलगा, विचारलं त्यानं. तीन म्हटलं.

२२ जाने., रवि.
शर्ट दोनदा धुतला. कॉलर दगडावर घासली. पिशवीत घातला, काढला, परत घातला. खरं सांगितलं तर पुन्हा कधी बोलेल की नाही... अक्का दारातून बघते आहे.
पावणेआठची बस. वि. आज फाटकापाशी येऊन थांबली असेल.
हातात पडल्याबरोबर आधी हुंगेल ती.